वाचकांचे प्रश्न : गुलाल उधळला की व्हिडिओ का फुटतो?

गणेशोत्सवानंतर आलेल्या पत्रांतले व्हिडिओ एक्सपोर्टचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही चढवलेली फाइल यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम प्रेक्षकाला जशीच्या तशी दाखवत नाहीत. ते ती उघडतात, लहानमोठ्या आकारांत पुन्हा दाबतात आणि प्रेक्षकाच्या फोनला, नेटच्या वेगाला सोसेल ती आवृत्ती त्याला देतात. तुमची फाइल म्हणजे त्या पुढच्या दाबणीचा कच्चा माल. खाली जी सेटिंग सांगितली आहेत, ती सगळी याच हिशेबानं.

प्रश्न : मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. फोनवर ४केमध्ये ३० फ्रेमनं शूट केला आणि १०८०मध्ये ५ मेगाबिटला एक्सपोर्ट केला. लॅपटॉपवर बरा दिसतो, पण यूट्यूबवर गुलाल उधळला किंवा पावसाची सर आली की नुसते चौकोन दिसतात. काय चुकलं?
— मंडळाचा कार्यकर्ता, लालबाग

चूक त्या ५ मेगाबिटांत आहे, आणि काही अंशी ४केचं १०८० करण्यातही.

एच.२६४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत, प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. शेजारच्या फ्रेमशी ताडून ‘हा तुकडा इथून तिथं सरकला’ एवढीच नोंद ठेवतो. मूर्ती संथपणे पुढे येत असते तेव्हा हे काम थोडक्या बिटांत भागतं. गुलालाचा कण न् कण मात्र वेगळ्या दिशेला उडतो. त्यात पावसाच्या धारा, ढोलपथकाचे हलते ध्वज, नाचणारी गर्दी आणि अंधार पडल्यावर सेन्सरनं चित्रात आणलेली खरखर. ताडून पाहायला मागच्या फ्रेममध्ये तसं काही सापडतच नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं. तेवढी जागा ५ मेगाबिटांत नसते. मग एन्कोडर, म्हणजे दाबणी करणारा प्रोग्राम, चित्राच्या चौकोनी तुकड्यांमधला बारकावा टाकून देतो आणि तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. लॅपटॉपवर हे जेमतेम झाकलं गेलं. यूट्यूबनं त्याच फुटक्या चित्रावर दुसरी दाबणी केली, तेव्हा झाकायला काही उरलं नाही.

यूट्यूबनं चढवायच्या फाइलसाठी सुचवलेले आकडे असे आहेत : २४, २५ किंवा ३० फ्रेमच्या व्हिडिओसाठी ७२०ला ५ मेगाबिट प्रति सेकंद, १०८०ला ८, १४४०ला १६ आणि ४केला ३५ ते ४५. ५० किंवा ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर साधारण दीडपट, म्हणजे १०८०ला १२ आणि ४केला ५३ ते ६८. तुम्ही १०८०साठी ७२०चा आकडा लावला होता. शिवाय हे आकडे सर्वसाधारण चित्रासाठी आहेत. मिरवणूक, पाऊस, मरीन ड्राइव्हवर उसळणाऱ्या लाटा, लोकलच्या दारातून पळणारं दृश्य, असं काही असेल तर १०८०लाही खुशाल १६ ते २० द्या. जास्त बिटरेटनं, म्हणजे सेकंदाला जास्त बिट दिल्यानं, यूट्यूबवर नुकसान होत नाही, फक्त फाइल मोठी होते.

तुमच्याकडे मूळ शूट ४केचं आहे, तेव्हा एक्सपोर्टही ४केच करा : ३८४० बाय २१६०, ३० फ्रेम, एमपी४, एच.२६४ हाय प्रोफाइल, ४५ मेगाबिट, व्हेरिएबल बिटरेट. सॉफ्टवेअरमध्ये दोन पासची सोय असेल तर ती घ्या. पहिल्या फेरीत एन्कोडर अवघड जागा हेरतो आणि दुसऱ्या फेरीत बिट तिकडे वळवतो. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग (चिपकडून होणारी वेगवान दाबणी) चालू असताना दोन पास मिळत नाहीत, त्यासाठी ते सॉफ्टवेअरवर न्यावं लागतं आणि वेळ बराच जातो. घाई असेल तर हार्डवेअरवरच ठेवून बिटरेट ६०पर्यंत चढवा, तेही चालतं. मात्र १५० मेगाबिट लावून काही हाती लागणार नाही. आयफोन ४के ३० फ्रेमला एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये मिनिटाला सुमारे १७० एमबी लिहितो, म्हणजे साधारण २३ मेगाबिट प्रति सेकंद. फोननंच जे टिपलं नाही ते एक्सपोर्टमधून परत येत नाही.

४के चढवण्याचा फायदा १०८०वर पाहणाऱ्यांना फारसा होत नाही, पण ज्यांना १४४० किंवा ४के निवडता येतं त्यांना फरक लगेच दिसतो. या मोठ्या आकारांना यूट्यूब व्हीपी९सारखा नवा कोडेक आणि जास्त बिट देतं. म्हणूनच ज्यांचं शूट १०८०चं आहे असे बरेच जण ते २५६० बाय १४४०ला वाढवून चढवतात. त्यानं बारकावा नवा निर्माण होत नाही, असलेला मात्र कमी फुटतो. तुमच्या व्हिडिओला कोणता कोडेक मिळाला हे संगणकावर प्लेअरवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये दिसतं. एव्हीसी१ म्हणजे जुना एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९.

फाइल केवढी होईल हे आधीच काढा : बिटरेट गुणिले सेकंद भागिले आठ. बारा मिनिटांचे ७२० सेकंद, गुणिले ४५, भागिले ८ म्हणजे ४,०५० एमबी. घरच्या नेटचा अपलोड वेग २० मेगाबिट असेल तर सत्तावीस मिनिटं लागतील. डाउनलोडचा वेग पाहून हिशेब करू नका, अनेक जोडण्यांमध्ये अपलोड त्याहून बराच कमी असतो.

आणखी एक. चढवल्यावर यूट्यूब आधी लहान आवृत्ती तयार करतं, ४के मागाहून येते, कधी काही तासांनी. त्याआधीच लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली तर सगळे ३६० पाहून नावं ठेवतात. व्हिडिओ अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवा, प्लेअरच्या चाकात २१६० दिसू लागलं की मग पब्लिक करा.

प्रश्न : शिष्यांच्या कथक कार्यक्रमाचं चाळीस मिनिटांचं चित्रीकरण कॅमेऱ्यावर २५ फ्रेमनं आणि फोनवर ३० फ्रेमनं झालं. एक्सपोर्ट ६० फ्रेमनं केला. सुरुवातीला घुंगरू जुळतात, शेवटच्या तत्कारापर्यंत फोनच्या शॉटमध्ये पाय आधी आणि आवाज नंतर. सभागृहातल्या ट्यूबच्या प्रकाशात पट्टेही दिसतात.
— नृत्यशिक्षिका, विलेपार्ले

सुरुवातीला जुळतं आणि पुढे पुढे सुटत जातं, ही खूण महत्त्वाची. चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच असती तर कारण निराळं असतं : आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर मागे ठेवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत घुंगरू एक दशांश सेकंद उशिरा पोचतात, म्हणजे २५च्या हिशेबात अडीच फ्रेम. ते आवाजाचा ट्रॅक सरकवून मिटतं. तुमचं सरकवून मिटणार नाही.

फोन ‘३० फ्रेम’ म्हणतो तेव्हा तो दर सेकंदाला नेमक्या तीसच फ्रेम घेत नाही. प्रकाश कमी झाला, फोन तापला की वेग खालीवर करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर काटेकोर ३० धरून चाललं तर थोड्याशा फरकाचीही बेरीज होत जाते. सरासरी २९.९९ आली तरी चाळीस मिनिटांत चोवीस फ्रेम कमी भरतात आणि शेवटी पाऊण सेकंदाहून जास्त फरक पडतो. ठाय लयीत तो कदाचित चालून जाईल, द्रुत तत्कारात प्रत्येक पाऊल चुकल्यासारखं दिसतं आणि तो त्या मुलींवर अन्याय आहे.

उपाय एडिटिंगच्या आधी करायचा. फोनची मूळ फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या. व्हिडिओच्या पानावर एच.२६४, फ्रेम रेट ३०, त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ आणि गुणवत्तेसाठी आरएफ १६ ते १८. हा आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र स्वच्छ. नवी फाइल टाइमलाइनवर जुन्याच्या जागी ठेवा आणि शेवटच्या तिहाईच्या समेवर जुळते का ते पाहा. सुरुवातीला पाहून काही कळत नाही.

आता ६० फ्रेमचं. टाइमलाइन ज्या वेगाची त्याच वेगानं एक्सपोर्ट करायचा, हा नियम मोडू नका. २५चं ६० करताना सॉफ्टवेअर काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवतं, त्यानं चक्करदार तुकड्यात गिरकी अडखळते. फोनचं ३० आणि टाइमलाइनचं २५ यांतही दर सहा फ्रेमांतली एक गळते, म्हणून फोनचे शॉट चेहरा, हस्तक, वादक यांच्यापुरते आखूड ठेवा. चक्कर पूर्ण कॅमेऱ्याच्या शॉटमध्येच दाखवा.

पट्टे एक्सपोर्टनं जात नाहीत, फार तर फ्लिकर काढणाऱ्या प्लगइननं थोडे दबतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबचा आणि काही स्वस्त एलईडींचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. पुढच्या वेळी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि दोन्ही उपकरणं २५ किंवा ५० फ्रेमवर चालवा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘रेकॉर्ड व्हिडिओ’खाली ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय दिसतो.

प्रश्न : नातेवाईक व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ धूसर आहे म्हणतात. चांगला कसा पाठवू?
— वाचक, बोरिवली

‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसं केलं की व्हॉट्सॲप फाइलला हात लावत नाही, मर्यादा २ जीबी. व्हिडिओ म्हणूनच पाठवायचा असेल तर पाठवण्याआधी वर दिसणारं एचडी निवडा, तरीही दाबणी होतेच. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप एडिटिंगला कधीही वापरू नका, मूळ फाइल मागवून घ्या.

प्रश्न : पदार्थांचे रील करते. फोनवर पुरणपोळी छान खरपूस दिसते, एडिट करून चढवली की पांढुरकी होते आणि तूप तर नुसतं चमकतं. इन्स्टाग्रामसाठी ४के चांगलं की १०८०?
— गृहिणी, मुलुंड

आधी रंग. आयफोन १२ आणि त्यानंतरचे फोन मूळ सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ घेतात, अनेक अँड्रॉइड फोनांतही ती सोय असते. एचडीआरमध्ये उजेडाची आणि रंगांची मोजपट्टीच वेगळी. ती फाइल साध्या, म्हणजे रेक.७०९च्या टाइमलाइनवर रूपांतर न करता टाकली की मधले रंग फिके पडतात किंवा उजळ भाग जळतात. पोळीवरचे खरपूस डाग मधल्या छटांमध्येच असतात, म्हणून सगळ्यात आधी तेच जातात.

यापुढचं शूट एचडीआर बंद करून घ्या. आयफोनवर सेटिंग, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथं ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद. स्वयंपाकघराच्या उजेडात त्यानं काही बिघडत नाही. आधी घेतलेल्या क्लिपांसाठी प्रीमिअरमधलं ‘ऑटो टोन मॅपिंग’ किंवा दाविंची रिझॉल्व्हमधलं कलर मॅनेजमेंट वापरा आणि एक्सपोर्ट रेक.७०९मध्येच करा. फिल्टर लावून फिकेपणा झाकायला जाऊ नका, केशर आणि हळद एकाच रंगाची दिसायला लागतात.

रंग नाही तर फक्त काळे भाग राखाडी दिसत असतील तर दोष रेंजचा. आठ बिटांच्या व्हिडिओत काळा १६वर आणि पांढरा २३५वर धरायची रीत आहे, संगणकाचं चित्र ० ते २५५ वापरतं. फाइल एका रीतीनं लिहिली आणि तिच्यावरची खूण दुसरीच असली की तवा राखाडी दिसतो. रिझॉल्व्हमध्ये ‘डेटा लेव्हल्स’ ऑटोवर ठेवलं की हा प्रश्न सहसा येत नाही.

आकाराचं सांगायचं तर रीलसाठी १०८० बाय १९२०, ३० फ्रेम, एच.२६४, १० ते १२ मेगाबिट. इन्स्टाग्राम मोठं चित्र स्वतःच लहान करतं, मग ते काम त्याच्या घाईच्या यंत्रावर सोडण्यापेक्षा तुमच्या सॉफ्टवेअरला सवडीनं करू द्या. ॲपच्या मीडिया क्वालिटीच्या सेटिंगमध्ये ‘अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी’ चालू आहे ना, हेही पाहा. साहित्याची यादी पडद्याच्या अगदी तळाशी किंवा उजव्या कडेला लिहू नका, तिथं मथळा आणि बटणं येतात.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या १९९८च्या एकांकिकेची मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. पात्रं हलली की कडांना कंगव्याचे दात दिसतात. चेहरेही बारीक दिसतात. एका दुकानदारानं ताणून रुंद पडद्याएवढं करून दिलं, ते आणखीच वाईट.
— नाट्यप्रेमी, गिरगाव

दुकानातली प्रत बाजूला ठेवा, कॅसेटवरून उतरवलेली पहिली फाइलच हवी. ती डीव्ही स्वरूपात असेल, तासाला साधारण १३ जीबी. फायरवायर केबलनं उतरवली असेल तर ती कॅसेटवरच्या नोंदीची तंतोतंत प्रत आहे. दोन ठिकाणी ठेवा.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एका फ्रेममध्ये दोन क्षण गुंफलेले असतात : एकाआड एक ओळी एका क्षणाच्या, मधल्या ओळी त्यानंतर १/५० सेकंदानं घेतलेल्या. जुन्या टीव्हीवर ते एकापाठोपाठ एक दिसत. संगणक दोन्ही एकदम दाखवतो, आणि नटाचा हात त्या दोन क्षणांत जेवढा हलला तेवढे दात दिसतात. हे गुंफलेलं चित्र तसंच यूट्यूबला दिलं तर दात दाबणीत पक्के होतात आणि पुन्हा निघत नाहीत. म्हणून ते आधी सोडवायचं.

हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस ‘बीडब्ल्यूडिफ’, प्रीसेट ‘बॉब’, फ्रेम रेट ५०, कॉन्स्टंट. असं केलं की प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम होते आणि हालचाल मूळ कॅसेटइतकी सलग राहते. नुसतं २५ ठेवलं तर दात जातात, पण निम्मी हालचालही जाते. पात्रं पुढे-मागे थरथरू लागली तर ओळींचा क्रम उलटा लागला आहे. डीव्हीमध्ये खालची ओळ आधी असते, सॉफ्टवेअरनं वरची धरली असेल तर ते बदला.

चेहरे बारीक दिसतात कारण फाइल ७२० बाय ५७६ असली तरी तिचे पिक्सेल चौरस नाहीत. ४:३च्या पडद्यावर तिचं खरं माप ७६८ बाय ५७६. तेच प्रमाण राखून १४४० बाय १०८०ला वाढवा आणि १२ मेगाबिटला चढवा. वाढवण्याचं मुख्य कारण स्पष्टपणा नव्हे. यूट्यूब ५० फ्रेम फक्त ७२० आणि त्यावरच्या आकारांत दाखवतं, त्याखाली निम्म्या करतं. म्हणजे ५७६चा व्हिडिओ जसाच्या तसा चढवला तर वरची सगळी मेहनत वाया. दोन्ही बाजूंना काळे पट्टे तुम्ही भरू नका, प्लेअर ते स्वतः दाखवतो.

बाकीच्या कॅसेट अजून कपाटात असतील तर या पावसाळ्यानंतर त्या उघडून बघाच. मुंबईच्या दमटपणात टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

प्रश्न : भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर इतरांपेक्षा हळू ऐकू येतं, आणि इअरफोननं ऐकलं तर फक्त डाव्या कानात.
— वाचक, परळ

डाव्या कानाचं सोपं आहे. एकच माइक स्टिरिओच्या एका वाहिनीत गेला. एडिटिंगमध्ये त्या क्लिपची ऑडिओ वाहिनी मोनो करा किंवा डावी वाहिनी उजवीत भरा.

यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ खाली आणतं, हळू आवाजाचे वर उचलत नाही. म्हणून सबंध व्हिडिओची सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणा आणि सर्वांत मोठा ठोका उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट पानावर हा मीटर असतो. पखवाज आणि टाळांमुळे शिखरं उंच आणि सरासरी खाली अशी स्थिती असेल, तर लिमिटर (शिखरं दाबणारा फिल्टर) हलका लावा, तीनचार डीबीपुरता. त्याहून जास्त दाबलं की गजर आणि संथ अभंग एकाच पातळीवर येतात. सरासरी उणे १६ राहिली तरी चालेल, अभंगाची चढती लय शाबूत राहू द्या.

एक्सपोर्टमध्ये एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, ३८४ किलोबिट. अनेक ॲप आपोआप १२८ लावतात. बोलण्याला तेवढं पुरतं, टाळांच्या किणकिणीचा मात्र त्यात चुरचुर आवाज होतो.

प्रश्न : पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करताना ४ जीबीला येऊन दर वेळी थांबतो. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे.
— विद्यार्थी, दादर

तो फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही, जागा कितीही असो. आतला डेटा काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. तरीही एक्सपोर्ट थेट पेनड्राइव्हवर नको. संगणकाच्या आतल्या डिस्कवर करा, शेवटचा मिनिट चालवून पाहा आणि मग कॉपी करा. एक्सपोर्ट अर्धवट तुटला तर एमपी४ची अनुक्रमणिका लिहायची राहते आणि फाइल उघडतच नाही. अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला लिहिण्याचा पर्याय रिझॉल्व्हमध्ये ‘नेटवर्क ऑप्टिमायझेशन’ नावानं आहे. यूट्यूबला अशीच फाइल हवी असते, तेव्हा त्यावर खूण करून ठेवा.